कात्र ब्रा येथील पायी तोफखाना : एका बॅटरीची कामगिरी

विद्यार्थी मित्रहो, १८ जून १८१५ ची वॉटर्लूची लढाई तुम्हाला माहीत आहे. तिच्या दोनच दिवस आधी आजच्या बेल्जियममधील कात्र ब्रा या चौकात एक लढाई झाली. तेथे लढलेल्या नेदरलँड्सच्या एका बॅटरीने आपला कप्तान आणि काही तोफा गमावल्या. मग तिला अपयशी म्हणावे का? या प्रश्नाचे उत्तर आपण या पाठात शोधू.

पायी तोफखाना म्हणजे काय?

त्या काळी मैदानी तोफखान्याचे दोन प्रकार होते. अश्व तोफखान्यातील गोलंदाज घोड्यांवरून जात. पायी तोफखान्यातही तोफा घोडेच ओढत. गोलंदाज मात्र तोफेबरोबर चालत. त्यामुळे ही बॅटरी पायदळाच्या चालीने पुढे सरके. माघार घ्यायची तर आधी तोफा घोडागाडीला जोडाव्या लागत. तेवढ्यात शत्रूचे घोडदळ आले, तर पायी गोलंदाजांना निसटणे अवघड असे.

बॅटरीची रचना

१८१५ मध्ये डच उत्तर आणि बेल्जियन दक्षिण मिळून नेदरलँड्सचे नवे राज्य बनले होते. म्हणून या सैन्यात दोन्हीकडचे लोक होते. कप्तान स्टीव्हनार यांची बॅटरी बेल्जियन होती. तिच्यात सहा पौंडी गोळा फेकणाऱ्या सहा तोफा व दोन हॉवित्झर, म्हणजे एकूण ८ तोफा होत्या. ती जनरल पेरपोंशे यांच्या डिव्हिजनमध्ये होती. याच डिव्हिजनमधील दुसरी बॅटरी कप्तान बायलेव्हेल्ट यांची अश्व बॅटरी होती. दोन्ही मिळून १६ तोफा झाल्या.

१६ जूनची दुपार

कात्र ब्रा येथे ब्रसेल्स-शार्लरॉय आणि निव्हेल-नामूर हे रस्ते एकमेकांना छेदतात. सैन्य निव्हेलला एकत्र करण्याचा वेलिंग्टनचा आदेश होता. तरीही पेरपोंशे आणि चीफ ऑफ स्टाफ कॉन्स्टंट रबेक यांनी हा चौक सोडला नाही. दुपारी दोनच्या सुमारास मार्शल ने यांनी हल्ला चढवला. फ्रेंचांकडे सैन्यही जास्त होते आणि तोफाही. जेमियाँकूर या शेतवाडीच्या परिसरात, रस्त्यालगत, स्टीव्हनार यांच्या तोफा पुढच्या फळीत होत्या. फ्रेंच तोफांचा मारा त्यांच्यावर झाला. त्यात कप्तान स्टीव्हनार ठार झाले, आणि बॅटरीच्या काही तोफा हातच्या गेल्या.

मूल्यमापन

आता घड्याळाकडे लक्ष द्या. दुपारी तीननंतर पिक्टन यांची ब्रिटिश डिव्हिजन येऊन पोहोचली. संध्याकाळपर्यंत वेलिंग्टनचे बळ वाढत गेले आणि चौक हातात राहिला. पहिल्या तासात तेथे लढायला पेरपोंशे यांचीच डिव्हिजन होती. चौक पडला असता, तर ब्रसेल्सचा रस्ता फ्रेंचांना मोकळा झाला असता. शिवाय त्याच दिवशी लिनी येथे लढणाऱ्या प्रशियन सैन्यावर बाजूने हल्ला करण्याची संधीही त्यांना मिळाली असती.

म्हणून किती तोफा वाचल्या एवढेच मोजू नका; त्या तोफांमुळे किती वेळ मिळाला, हेही पाहा. अर्थात तो वेळ एकट्या या बॅटरीने मिळवून दिला नाही. पायदळ आणि दुसरी बॅटरीही तेवढ्याच निकराने लढली.

विचार करा : या जागी अश्व बॅटरी असती, तर तिला माघार घेणे सोपे गेले असते. पण पायदळ मागे उभे असताना तोफा आधी मागे घेणे योग्य ठरले असते का?