गवती चहाचा वास जातो कुठे?

नाशिकला गंगेवरच्या बुधवारच्या बाजारातून गवती चहाची जुडी घरी आली नाही, असे क्वचितच होते. एका वर्षी पावसाळा सरताना मी चांगल्या सहा जुड्या घेतल्या आणि ऑक्टोबरच्या कडक उन्हात गच्चीवर चार दिवस वाळवल्या. डबा भरला. पुढे थंडी पडली, घरात खोकला सुरू झाला, आणि चहात चिमूटभर टाकून पाहते तो नुसती गवताची चव! सासूबाई म्हणाल्या, "अगं, कुरडया का होत्या त्या, उन्हात घालायला?"

बोलणे खरे होते. कुरडईतले पाणी गेले की काम झाले. गवती चहात मात्र पाण्याबरोबर तेलही असते, शंभर किलो ओल्या पातीतून जेमतेम तीन-चारशे ग्रॅम निघणारे. तळणाचे तेल सांडले तर डाग राहतो; हे तेल हवेत उडून जाते आणि उन्हात तर फारच लवकर. पुदिना-तुळशीचे आणखी नाजूक. त्यांचे तेल पानाच्या अंगावरच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या पिशव्यांत असते. पान चुरगळले की त्या फुटतात. बोटांना लागलेला वास म्हणजे डब्यातला कमी झालेला, बरं का!

तेलाच्या भट्टीत याच उडून जाण्याचा उपयोग करून घेतात. आपल्या शेजारच्या खानदेशात, नंदुरबार-पिंपळनेरकडे, रोशा गवताच्या तेलाचा धंदा जुना. एकोणिसाव्या शतकात ते मुंबईहून परदेशी जाई, आणि गुलाबासारख्या वासामुळे तुर्कस्तानात चक्क गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई! बंद हंड्यातली वाफ गवतातले तेल घेऊन नळीत शिरते, गार पाण्यातून जाताना तिचे पाणी होते आणि तेल वर तरंगते. हलके वास आधी उतरतात, जड मागाहून. वाळ्याच्या मुळांना तर रात्रंदिवस विस्तव लागतो. म्हणूनच वर्षभर ठेवलेला वाळाही माठात टाकताच दरवळतो. गवती चहाला ते जमत नाही.

आता आपल्या ओट्याकडे पाहा. पाती घालून चहा उघड्या पातेल्यात खळाखळा उकळला की घरभर घमघमाट सुटतो. आपल्याला बरे वाटते, पण तो कपातून गेलेला वास असतो. गॅस बंद करून पाती घाला आणि पाच मिनिटे झाकण ठेवा.

वाळवायचेही तसेच. पाती धुऊन, पाणी झटकून, न कापता सैल जुड्या बांधाव्यात आणि ऊन न येणाऱ्या हवेशीर खोलीत दोरीवर टांगाव्यात. वाकवल्यावर कटकन मोडली की पात वाळली. ओलसर भरलीत तर बुरशी येईल. घट्ट झाकणाच्या बरणीत, बंद फडताळात ठेवा आणि लागेल तशीच कापा.

बाजारात या तेलाच्या छोट्या बाटल्याही मिळतात. एवढ्याशा बाटलीत कितीतरी जुड्यांचे सार असते. चहात थेंब टाकायचा मोह आवरा, आणि बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा.