अंधारात नाव सांगत जाणारी जहाजं

ताडोब्याची झीनत वाघीण 2024 च्या नोव्हेंबरात ओडिशातल्या सिमिलिपालला नेली, आणि डिसेंबरात ती तिथून निघून झारखंड, मग पश्चिम बंगाल अशी भटकत राहिली. बांकुड्यात ती हाती लागेपर्यंत वनखात्याची मंडळी तिच्या मागावर टिकली, ती तिच्या गळ्यातल्या रेडिओ कॉलरमुळे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकाला कॉलर काही नवी नाही. समुद्रावरच्या जहाजांकडेही तशीच एक पेटी असते, पण तिची रीत वेगळी. वाघिणीचा ठावठिकाणा फक्त तिच्या मागावरच्या माणसांना कळतो. जहाज मात्र आपला ठावठिकाणा स्वतःच आजूबाजूच्या सगळ्यांना सांगत जातं. या व्यवस्थेला एआयएस म्हणतात, म्हणजे ऑटोमॅटिक आयडेंटिफिकेशन सिस्टिम.

तिचं मोल कळतं ते शिडाच्या छोट्या होडीतून. कमांडर दिलीप दोंदे 19 ऑगस्ट 2009 रोजी मुंबईहून ‘म्हादेई’ घेऊन एकटे निघाले आणि पृथ्वीला वळसा घालून मे 2010 मध्ये परतले. असं करणारे ते पहिले भारतीय. ‘म्हादेई’ गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधलेली, 56 फुटी. एवढ्या लांबच्या सफरीत एकट्या माणसाला झोप कधी ना कधी घ्यावीच लागते, आणि खरी भीती तिथेच असते. होडीतला माणूस पाण्यापासून जेमतेम दोन मीटर उंचीवर बसलेला. निरभ्र रात्री मोठ्या जहाजाचे दिवे त्याला आठेक सागरी मैलांवर दिसू लागले असं धरू. दोघं समोरासमोर असतील आणि दोघांचा मिळून वेग 20 नॉट असेल, तर हाताशी उरतात 24 मिनिटं. पाऊस असेल तर त्याहूनही कितीतरी कमी.

एआयएसची पेटी व्हीएचएफ वायरलेसच्या दोन ठरावीक वारंवारितांवर बोलते. प्रत्येक संदेशात नऊ आकडी ओळखक्रमांक असतो (भारतीय नौकांचा 419 ने सुरू होतो), शिवाय जीपीएसवरून घेतलेलं स्थान, वेग आणि दिशा. नाव, लांबी, कुठल्या बंदराला निघालं आहे, हे अधूनमधून. आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या 300 टनांवरच्या जहाजांना ही पेटी सक्तीची आहे. जहाज चालू असताना ती दर दोन ते दहा सेकंदांनी बोलते. शेकडो जहाजं एकाच वेळी बोलली तरी गोंधळ होत नाही, कारण एका वाहिनीवर प्रत्येक मिनिटाचे 2250 तुकडे केलेले असतात आणि जहाजाची पेटी आपला पुढचा तुकडा आधीच जाहीर करते. मला या सगळ्यात सर्वांत आवडते ती हीच गोष्ट. मध्ये कुणी मुकादम नाही, तरी सगळे आपापल्या पाळीने बोलतात.

होडीवरच्या पडद्यावर प्रत्येक जहाज म्हणजे एक छोटा त्रिकोण. त्यावर बोट ठेवलं की समजा असं दिसेल: लांबी 290 मीटर, वेग 17 नॉट, सर्वांत जवळ येईल तेव्हाचं अंतर 0.3 मैल, त्याला अजून 22 मिनिटं. नाव कळल्यामुळे खलाशी वायरलेसच्या 16 नंबरवर थेट त्या जहाजाला हाक मारू शकतो. पूर्वी ‘माझ्या डाव्या हाताच्या जहाजा’ अशी हाक मारावी लागे, आणि ऐकणाऱ्या चौघांपैकी कुणालाच वाटत नसे की हाक आपल्याला आहे.

स्वस्तात काम भागावं म्हणून काही जण नुसतं ऐकणारं यंत्र घेतात. माझं मत स्पष्ट आहे: पैसे साठवा, पण बोलणारं यंत्र घ्या. फायबरची होडी रडारवर फार अंधूक उमटते. छोट्या होडीची पेटी साधारणतः दोन वॉटवर, दर 30 सेकंदांनी बोलते. तेवढंही पुरतं, पण अँटेना डोलकाठीच्या टोकावर हवी. 16 मीटर उंचीवरची अँटेना 36 मीटर उंच अँटेनाच्या जहाजाशी 22 मैलांवरून बोलू शकते. तीच होडीच्या कठड्यावर लावली की चार-पाच मैल गेलेच.

पण पडद्यावर सगळं दिसतं असं मानणं घातक आहे. 26/11 नंतर 20 मीटरपेक्षा लांब मासेमारी नौकांवर एआयएस बसवायचं ठरलं. कोकण किनाऱ्यावर रात्री जाळी टाकून बसलेल्या कितीतरी होड्या त्याहून लहान असतात. त्या पडद्यावर उमटत नाहीत. युद्धनौका गरजेप्रमाणे पेटी बंद ठेवतात. शिवाय शिडाची होडी लाटांवर सतत डावी-उजवीकडे झुलते, त्यामुळे जवळच्या अंतराचा आकडा एका क्षणी अर्धा मैल दाखवतो, दुसऱ्या क्षणी दीड. म्हणून जाणता खलाशी एका आकड्यावर विसंबत नाही. काही मिनिटं तो आकडा कुठे सरकतोय ते बघतो, आणि मग डोकं वर काढून समुद्राकडे बघतो. सागरी नियमांतही डोळ्यांनी आणि कानांनी पहारा ठेवायचं बंधन आहे. यंत्र आलं म्हणून ते सुटलेलं नाही.

होडीवर दोघंच असतील तर एआयएसचा आणखी एक उपयोग आहे. जीवरक्षक जाकिटात मुठीएवढं एआयएस यंत्र बसवता येतं. एक जण आत झोपलेला असताना दुसरा पाण्यात पडला, तर ते यंत्र सुरू होतं, होडीच्या पडद्यावर 972 ने सुरू होणारा क्रमांक उमटतो आणि घंटा वाजते. पाण्याच्या पातळीवरून त्या यंत्राचा संदेश फार तर चार-पाच मैल पोहोचतो. म्हणून होडीवरचं यंत्र रात्रभर चालू हवं. काही वॉट विजेचा प्रश्न आहे, एक साधं सौर पॅनेल ती सहज पुरवतं.