सफेद मुसळी : पारंपरिक उपयोग, आरोग्यविषयक दावे आणि शेतकऱ्यांपुढील प्रश्न

सारांश : सफेद मुसळी या शक्तिवर्धक मानल्या जाणाऱ्या कंदमुळाचा पारंपरिक वापर, त्याविषयीचे संशोधन व त्याची बाजारपेठ यांचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे. तुलनेसाठी पेरू देशातील माका या कंदाचा आधार घेतला असून नेवासा तालुक्यातील घोडेगाव परिसराच्या दृष्टीने काही निष्कर्ष मांडले आहेत.

बीजसंज्ञा : सफेद मुसळी, माका, रानभाजी, औषधी वनस्पती, करार शेती.

प्रस्तावना :
मानवी समाजाने शक्ती व प्रजननक्षमता यांचा संबंध अनेक ठिकाणी जमिनीखालील मुळांशी जोडला आहे. पेरूमधील अँडीज पर्वतात सुमारे ४,००० मीटर उंचीवर पिकणारा माका हा मोहरीच्या कुळातील कंद हे त्याचे जगप्रसिद्ध उदाहरण होय. महाराष्ट्रात हे स्थान प्रामुख्याने सफेद मुसळीला लाभले आहे. अशा वनस्पतींविषयी जाहिरातीतून जे सांगितले जाते आणि अभ्यासातून जे सिद्ध होते त्यांत मोठे अंतर असते. हे अंतर ग्राहकाच्या आरोग्याशी तसेच लागवड करणाऱ्या शेतकऱ्याच्या भांडवलाशीही निगडित असल्याने त्याचा विचार आवश्यक ठरतो.

वनस्पतीचा परिचय :
सफेद मुसळीचे शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिव्हिलिएनम असे आहे. या नावात मुंबईचे उपनगर बोरिवली दडलेले आहे. सेंट झेवियर्स महाविद्यालयाशी संबंधित वनस्पतिशास्त्रज्ञ फादर सांतापाव व फर्नांडिस यांनी १९५० च्या दशकात या प्रजातीचे वर्णन प्रसिद्ध केले. पूर्वी लिलिएसी कुळात गणली जाणारी ही वनस्पती आता अ‍ॅस्परॅगेसी कुळात समाविष्ट केली जाते. पहिल्या पावसाबरोबर तिची पाने जमिनीवर येतात. पावसाळा सरताना ती पिवळी पडून गळतात आणि मांसल मुळांचा झुबका जमिनीत सुप्तावस्थेत राहतो. ही मुळे खणून, सोलून व वाळवून बाजारात आणली जातात.

पारंपरिक उपयोग :
आयुर्वेदातील निघंटु ग्रंथांत मुसळीचे पांढरी व काळी असे भेद आढळतात. काळी मुसळी ही वेगळ्या कुळातील वनस्पती आहे, हे येथे लक्षात घेणे जरूर आहे. सफेद मुसळी बल्य व वृष्य मानली जाते. तिचे चूर्ण दुधातून साखर वा तुपासह देण्याची पद्धत आहे. काही घरांत हिवाळ्यातील व बाळंतिणीच्या लाडवांतही तिचा समावेश होतो.

याच प्रजातीची व तिच्या भगिनी प्रजातींची कोवळी पाने फोडशी, कुलू किंवा कोळी भाजी या नावांनी सह्याद्रीच्या परिसरात रानभाजी म्हणून खाल्ली जातात. जून-जुलैमध्ये डाळ घालून ही भाजी केली जाते. पाने खुडल्याने मूळ जमिनीत टिकते, तर मूळ खणल्याने झाडच संपते. भाजी खाणाऱ्या समाजाची पद्धत वनस्पतीला जगवणारी होती. औषधी बाजाराची मागणी वाढल्यानंतर मात्र अनिर्बंध खोदाईमुळे नैसर्गिक अधिवासात ती दुर्मीळ होत गेली.

आधुनिक संशोधन :
मुसळीच्या मुळांत कर्बोदके, तंतू, प्रथिने व सॅपोनिन ही द्रव्ये आढळतात. मुंबईतील रसायन तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अर्क दिलेल्या नर उंदरांच्या लैंगिक वर्तनात व शुक्राणूंच्या संख्येत वाढ नोंदविण्यात आली. तथापि, प्राण्यांवरील निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.

माकाच्या बाबतीत २००२ मध्ये पेरूत पुरुषांवर १२ आठवड्यांची चाचणी झाली. दररोज दीड ते तीन ग्रॅम माका घेणाऱ्यांनी लैंगिक इच्छा वाढल्याचे सांगितले, परंतु त्यांच्या रक्तातील टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण बदलले नाही. म्हणजेच 'संप्रेरक वाढविणारा कंद' हा प्रचलित दावा त्या चाचणीतून सिद्ध होत नाही. २०१० मधील एका पद्धतशीर आढाव्यानेही उपलब्ध पुरावा मर्यादित असल्याचे नमूद केले.

सुरक्षिततेचा प्रश्नही दुर्लक्षिण्याजोगा नाही. सफेद मुसळीत शतावरी किंवा अन्य प्रजातींच्या मुळांची भेसळ होते. 'वनौषधी' म्हणून विकल्या जाणाऱ्या लैंगिक शक्तिवर्धकांत सिल्डेनाफिल हे रासायनिक औषध लपवून मिसळल्याची अनेक उदाहरणे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जाहीर केली आहेत. हृदयविकारासाठी नायट्रेट घेणाऱ्या रुग्णाचा रक्तदाब अशा मिश्रणाने धोकादायकरीत्या घसरू शकतो. लैंगिक क्षमता वाढविण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करण्यास औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ नुसार मनाई आहे. तरीही अशा जाहिराती सर्रास दिसतात.

लागवड व बाजारपेठ :
२००० च्या सुमारास महाराष्ट्रात मुसळी लागवडीची लाट आली. महागडी रोपसामग्री विकून उत्पादन परत घेण्याची हमी देणाऱ्या योजना पुढे आल्या. पहिल्या वर्षांतील नफा बव्हंशी वाळलेल्या मुळांपेक्षा नव्या शेतकऱ्याला विकलेल्या बेण्यातून मिळत होता. नवे खरेदीदार कमी होताच ही साखळी तुटली. माकाचा अनुभवही बोधप्रद आहे. २०१४ मध्ये परदेशी खरेदीदारांमुळे पेरूत भाव चढले, चीनमध्येही लागवड वाढली आणि पुढे भाव कोसळले.

घोडेगाव येथे नेवासा बाजार समितीचा उपबाजार असून तेथे कांद्याचा उघड लिलाव होतो. कांद्याचा भाव पडला तरी तो सर्वांसमक्ष ठरतो. मुसळीसाठी अशी व्यवस्था नसल्याने हमीपत्र देणारा खरेदीदार हाच शेतकऱ्याचा एकमेव बाजार होऊन बसतो. शिवाय मुसळीला निचऱ्याची, भुसभुशीत जमीन लागते. तालुक्यातील भारी काळ्या जमिनीत पाणी साचल्यास मुळे कुजण्याचा धोका असतो.

निष्कर्ष :
१. सफेद मुसळीचा बल्य आहार म्हणून परंपरागत वापर निश्चित आहे. मात्र तिच्याविषयीचे औषधी दावे पुरेशा मानवी चाचण्यांच्या अभावी अपुरे ठरतात.
२. लागवडीचा निर्णय घेताना बेण्याच्या विक्रीचे उत्पन्न वगळून केवळ वाळलेल्या मुळांच्या भावावर हिशेब मांडावा.
३. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये गावपातळीवर लोकजैवविविधता नोंदवही करणे अपेक्षित आहे. अकोले तालुक्यासारख्या आदिवासी भागातील रानभाज्यांचे ज्ञान तीत नोंदविण्यास वनस्पतिशास्त्र विभागांनी साहाय्य करावे. वाणिज्य व अर्थशास्त्र विभागांनी करारपत्रांचा अभ्यास विद्यार्थ्यांकडून करून घ्यावा.

ग्रामीण महाविद्यालयातील विद्यार्थी बहुधा शेतकरी कुटुंबातील असतो. वर्गात शिकलेली पुराव्याची पारख त्याच्यामार्फत शेताच्या बांधापर्यंत पोहोचल्यास पुढील फसव्या लाटेतून काही कुटुंबे तरी वाचतील.