धुरीच्या पेटीस घरगुती तापनियंत्रक
विजेच्या पेटीत बांगड्यास धुरी देताना उष्णतामान अंदाजाने राखणे धोक्याचे होय. माशाच्या गाभ्यात ६३ अंश सेल्सिअस उष्णता अर्धा तास टिकावी लागते. एरवी वरून तांबूस दिसणारा मासा आतून कच्चाच राहतो.

१००० वॅटची शेगडी २३० व्होल्टवर सुमारे ४.३ अँपिअर प्रवाह घेते. म्हणून १० अँपिअर रिलेचा अंकदर्शक नियंत्रक घेऊन शेगडीची फेज तार त्यातून न्यावी. ८० अंशांस वीज तुटावी, ७८ ला पुन्हा जुळावी. संवेदक प्रथम वितळत्या बर्फात तपासावा, शून्य दिसले पाहिजे. मग तो माशांच्या जाळीलगत टांगावा. शेगडीपाशी ठेवल्यास वीज अकाली तुटते. हा संवेदक केवळ हवेचे उष्णतामान सांगतो, गाभ्याचे सुईच्या तापमापकानेच पाहावे. पत्र्याच्या पेटीस अर्थिंग जाणत्या वायरमनकडून करवून घ्यावे, मगच बटण दाबावे.