आईस हॉकीचे स्केट्स ‘वाढत्या मापाचे’ का घेऊ नयेत?

२८ ऑक्टोबर २०२३. इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहरात आईस हॉकीची मॅच सुरू होती. नॉटिंगहॅम पँथर्सकडून खेळणारा २९ वर्षांचा अमेरिकन खेळाडू ॲडम जॉन्सन पक घेऊन पुढे निघाला होता. प्रतिस्पर्धी खेळाडूशी त्याची धडक झाली, त्या खेळाडूच्या स्केटचं पातं जॉन्सनच्या मानेला लागलं आणि त्यात त्याचा जीव गेला. त्या लीगमध्ये मानेचं गार्ड घालणं सक्तीचं नव्हतं.

पुढच्या काही महिन्यांत नियम भराभर बदलले. आंतरराष्ट्रीय आईस हॉकी महासंघाने आपल्या सगळ्या स्पर्धांमध्ये मानेचं गार्ड सक्तीचं केलं. अमेरिकेत १ ऑगस्ट २०२४ पासून लहान वयोगटांना ते घालावंच लागतं. जगातली सगळ्यात मोठी लीग म्हणजे एनएचएल मात्र अजून जपून पावलं टाकतेय. तिथे २०२६-२७ च्या हंगामापासून नव्याने येणाऱ्या खेळाडूंनाच सक्ती आहे, जुन्यांची मर्जी त्यांच्यापाशी.

तसा हा या खेळाचा जुनाच स्वभाव. १९५९ मध्ये माँट्रियलचा गोलकीपर जॅक प्लांट याच्या तोंडावर पक बसला. टाके घालून तो परतला तो मास्क लावूनच, आणि तेव्हा त्याच्या कोचलाच ते पसंत नव्हतं. १९६८ मध्ये बिल मास्टरटन हा खेळाडू बर्फावर डोकं आपटून गेला. तरी एनएचएलमध्ये हेल्मेटची सक्ती यायला १९७९ उजाडलं, तीही नव्या खेळाडूंपुरतीच. जुन्यांपैकी क्रेग मॅकटॅविश थेट १९९७ पर्यंत उघड्या डोक्याने खेळला.

म्हणजे नियम उशिरा येतात. सामान मात्र दुकानात आधीपासून असतं. ते घेताना आपल्याकडच्या माणसाची एक सवय आडवी येऊ शकते. शाळेचा गणवेश असो की दिवाळीचे बूट, ‘पोरगं वाढतंय, एक नंबर मोठं घे’ हे वाक्य प्रत्येक मराठी घरात ऐकलेलं असतं. कॅनडा-अमेरिकेत राहायला गेलेल्या घरातली मुलं हॉकीला जायला लागली की स्केट्सच्या दुकानातही तेच वाक्य तोंडावर येतं. कपड्यांना हा हिशोब चालतो. स्केट्सना अजिबात चालत नाही.

का, ते समजण्यासाठी स्केट म्हणजे काय हे बघावं लागेल. बुटाखाली साधारण ३ मिलिमीटर रुंदीचं पोलादी पातं असतं. सगळं वजन त्याच्यावर. वळायचं, थांबायचं तर घोटा किंचित तिरका करून पात्याची कड बर्फात रोवावी लागते. बूट घट्ट असेल तर घोट्याची हालचाल जशीच्या तशी पात्यापर्यंत पोचते. बूट सैल असेल तर पाय आत हलतो, पातं मात्र बाहेर भलतीकडेच झुकतं. घोटे आत मुडपून, फेंगड्या पायांनी घसरणारी मुलं रिंकवर नेहमी दिसतात. ‘याचे घोटेच कमजोर आहेत’ असं आईवडील म्हणतात. बऱ्याच वेळा दोष घोट्याचा नसतो, नंबराचा असतो.

स्केट्सचा नंबर नेहमीच्या बुटापेक्षा सहसा एक ते दीड नंबर लहान निघतो. पण हा फक्त अंदाज. खरी परीक्षा पाय आत घालूनच होते, तीही पातळ मोजा घालून. थंडी वाजते म्हणून जाड लोकरी मोजे घातले की सगळं माप चुकतं.

पाय घातल्यावर टाच मागे आपटून बसवायची, नाड्या बांधायच्या आणि उभं राहायचं. सरळ उभं असताना बोटं पुढच्या कडक टोपीला हलकी टेकली पाहिजेत. गुडघे वाकवले की टाच आणखी मागे सरकते आणि बोटं किंचित मोकळी होतात. असं झालं तर लांबी बरोबर. बोटं दुमडत असतील तर बूट लहान आहे. गुडघे वाकवून पुढे झुकल्यावर टाच वर उचलली जात असेल तर बूट मोठा आहे, मग तो कितीही आरामशीर वाटो. दुकानात घरच्या चपलेसारखा आरामशीर वाटणारा स्केट शक्यतो परत ठेवावा.

लहान मुलांसाठी एक सोपी युक्ती आहे. नाड्या सोडून पाय पुढे सरकवायचा, बोटं टोपीला टेकली की टाचेमागे हाताचं एक बोट घालून बघायचं. एक बोट जेमतेम गेलं तर चालेल. तेवढीच काय ती वाढीसाठी जागा. दोन बोटं गेली तर नको.

लांबीइतकीच रुंदी आणि खोली महत्त्वाची. सीसीएम कंपनी निमुळता, नेहमीचा आणि रुंद अशा तीन घडणींत बूट देते, बाउअरच्याही तीन घडणी आहेत. पायाचा वरचा भाग उंच असेल तर पेन्सिलीची परीक्षा करतात. नाड्या न बांधता, वरून तिसऱ्या भोकांच्या जोडीवर पेन्सिल आडवी ठेवायची. ती दोन्ही कडांवर सपाट बसली तर ठीक. पायाला अडून डुगडुगली तर बूट उथळ आहे. असा बूट घातला की नाड्या घोट्याच्या पुढच्या बाजूला रुततात आणि तिथलं दुखणं आठवडेच्या आठवडे जात नाही.

बरेच स्केट्स दुकानातल्या खास भट्टीत काही मिनिटं गरम करून पायावर बसवून घेता येतात. गरम बुटात पाय घालून, नाड्या बांधून दहा-पंधरा मिनिटं नुसतं बसून राहायचं. त्या वेळी उभं राहायचं नाही, चालायचं तर मुळीच नाही. हा उद्योग घरच्या ओव्हनमध्ये करू नये. आणि गरम केल्याने चुकीचा नंबर बरोबर होत नाही.

आता पातं. सुरीसारखी एकच धार त्याला असते असं अनेकांना वाटतं. खरं तर पात्याच्या तळाला लांबच्या लांब एक बारीक पन्हळ असते आणि तिच्या दोन बाजूंना दोन कडा. धार लावणारा माणूस गोल दगडाने ही पन्हळ कोरतो. दगडाच्या कडेच्या गोलाईची त्रिज्या जेवढी लहान, तेवढी पन्हळ खोल. अर्धा इंच हे सर्वसाधारण माप. पन्हळ खोल असली की कडा बर्फात जास्त रुततात, वळताना भरवसा वाटतो, पण पातं बर्फाला धरून ठेवतं आणि वेग कमी होतो. उथळ असली की पातं लोण्यावरून गेल्यासारखं घसरतं, पण पकड कमी. वजनदार माणसाच्या कडा आपोआप खोल जातात, म्हणून त्याला उथळ चालते. हलक्या मुलांना थोडी खोल बरी.

बर्फही सारखा नसतो. बंद रिंकमधला बर्फ तुलनेने मऊ. लडाखसारख्या ठिकाणी उघड्यावर गोठलेला बर्फ फार कडक होतो, त्यावर धूळ-वाळू उडून येते आणि धार लवकर जाते. लडाखमध्ये एके काळी सैन्याच्या बुटांना पाती बसवून लोक खेळले. त्याच मातीतल्या मुलींचा भरणा असलेल्या भारतीय महिला संघाने २०२५ मध्ये आशिया कपचं कांस्यपदक आणलं.

धार गेली की नाही हे ओळखायला नख पात्यावर आडवं हलकेच ओढावं. दोन्ही कडांवर नखाची बारीक भुकटी निघाली तर धार आहे. एकाच कडेवर निघाली तर ती बाजू उंच राहिलीय, म्हणजे धार लावताना चुकलंय. असा स्केट एका बाजूला पकडतो आणि दुसऱ्या बाजूला निसटतो. नवीन स्केट्सना बहुधा खेळण्याजोगी धार नसतेच, हेही अनेकांना पहिल्यांदा पडल्यावर कळतं.

अंगावरच्या सामानाला सूत्र एकच, फटी राहता कामा नयेत. नडगीचा गार्ड गुडघ्याच्या वाटीवर नीट बसून खाली बुटाच्या काठापर्यंत यावा. त्याचा वरचा भाग पँटने झाकला जावा. कोपराचा गार्ड आणि ग्लोव्ह यांच्यात मनगट उघडं पडू नये. मोठ्या मापाचं सामान पळताना फिरतं आणि नेमकं लागतं तिथून सरकतं. टाचेच्या वरची शीर तर गार्डच्या मागेच राहते. २०१३ मध्ये एरिक कार्लसन या नामांकित खेळाडूची तीच शीर दुसऱ्याच्या पात्याने कापली गेली. त्यासाठी न कापणाऱ्या धाग्याचे मोजे मिळतात, ते घ्यावेत. मानेचं गार्डही त्याच तऱ्हेच्या कापडाचं, गळ्याभोवती पूर्ण फिरणारं हवं. खेळताना गुदमरतं म्हणून ते खाली ओढून ठेवणारी मुलं असतात, तिकडे लक्ष हवं.

हेल्मेट भुवईच्या वर एक बोटभर यावं. हनुवटीचा पट्टा लावून डोकं जोरात हलवलं तरी ते हलता कामा नये. ते कवटीचं रक्षण करतं, पण मेंदूला बसणारा हादरा पूर्ण थांबवत नाही. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठाने २०१५ मध्ये हॉकी हेल्मेट तपासली, तेव्हा एकालाही पाच तारे मिळाले नाहीत. हेल्मेटवर प्रमाणपत्राचं स्टिकर असतं. अमेरिकेत ते प्रमाणपत्र हेल्मेट तयार झाल्यापासून साडेसहा वर्षं चालतं.

मुलांचे पाय वर्ष-दोन वर्षांत वाढतात, म्हणून एवढा खर्च जिवावर येतो हे खरं. त्यावर उपाय मोठा नंबर घेणं नाही, वापरलेलं सामान घेणं आहे. पँट, खांद्याचे आणि नडगीचे गार्ड जुने चालतात. स्केट्सही चालतात, फक्त घोट्याजवळ बूट मऊ पडून मुडपत नाही ना आणि पात्याची उंची पुरेशी शिल्लक आहे ना, हे बघून घ्यावं. हेल्मेट मात्र नवीनच घ्यावं, कारण जुन्याने आधी किती मार खाल्लाय हे वरून दिसत नाही. खेळ झाला की पातं कोरड्या फडक्याने पुसून कापडी खोळीत ठेवावं. प्लास्टिकचं कडक कव्हर फक्त चालताना घालायचं असतं. ते चढवून स्केट्स बॅगेत ठेवले तर आत पाणी साचून आठवडाभरात गंज दिसायला लागतो.