काँक्रीटच्या पोटातला कार्बन

५ जुलै १९८६ रोजी पणजीचा मांडवी पूल कोसळला. त्याचं वय अवघं सोळा वर्षांचं होतं. प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटचं बळ त्याच्या पोटात ताणून बसवलेल्या पोलादी तारांत असतं. खाऱ्या हवेत त्या गंजल्या, की वरून धडधाकट दिसणारी तुळई आतून खचत जाते. ठाणे खाडीवरच्या पहिल्या पुलालाही याच दुखण्यापायी पुढे बाहेरून नव्या केबल लावाव्या लागल्या.

त्याच सुमारास जपानी अभियंते न गंजणाऱ्या तारेच्या मागे होते. इशिकावा प्रांतात समुद्राच्या खारानं निकामी झालेल्या एका पुलाच्या जागी १९८८ साली शिनमिया पूल उभा राहिला. लांबी जेमतेम सहा मीटर, पण त्याच्या तुळयांत पोलादाऐवजी कार्बन तंतूंच्या केबल होत्या: रेझिनमध्ये भिजवलेल्या, सात पदरी पिळाच्या. इतकं छोटं काम निवडलं यातच त्या लोकांचा शहाणपणा दिसतो.

कार्बनची खरी जागा प्रीस्ट्रेसिंगमध्येच आहे, असं माझं ठाम मत आहे. साध्या सळईच्या जागी तो घातला, तर त्याची पूर्ण ताकद कामाला येईपर्यंत काँक्रीटला रुंद भेगा पडलेल्या असतात. आधीच ताणून बसवला, की ती ताकद पहिल्या दिवसापासून वापरात येते.

अडचण निघाली ती टोकाशी. पोलादी तार अँकरमध्ये दातेरी वेजनं पकडतात. वेज तारेत रुतते आणि पोलाद ते सोसतं. कार्बनची तार लांबीच्या दिशेनं पोलादाला मागे टाकते, पण आडव्या दाबाला ती नाजूक. त्याच वेजमध्ये धरून जॅकनं ओढली, तर पूर्ण ताण येण्याआधीच तोंडाशी चिरडून तुटते. मग तारेचं टोक पोलादी नळीत घालून भोवती रेझिन किंवा फुगणारं सिमेंट भरायचं, म्हणजे दाब लांबीभर वाटला जातो, अशी तोड निघाली. दुसरा धोका मात्र अंगभूत आहे. पोलाद तुटण्याआधी चांगलं लांबतं, कार्बन दीड टक्क्याच्या आसपास ताणला की एकदम तुटतो. डिझाइन करताना हे धरूनच चालावं लागतं.

१९९१ साली स्वित्झर्लंडमध्ये लुसर्नजवळच्या इबाख पुलावर सिग्नल बसवण्यासाठी भोकं पाडताना प्रीस्ट्रेसिंगच्या तारा तुटल्या. एम्पा संस्थेच्या उर्स मायर यांच्या तंत्रानं खालून कार्बनच्या पातळ पट्ट्या चिकटवून तो सावरला. १७५ किलो पोलादाचं काम ६.२ किलो कार्बननं केलं! पट्ट्या नुसत्या चिकटवलेल्या होत्या, तरी या दुरुस्तीनं कार्बनचं नाव पूल बांधणाऱ्यांच्या तोंडी आणलं.

पुढे १९९३ मध्ये कॅलगरीचा बेडिंग्टन ट्रेल पूल, १९९७ मध्ये मॅनिटोबातला टेलर पूल. दोन्हीकडे मोजक्याच गर्डरमध्ये कार्बन घातला आणि आत सेन्सर ठेवून त्यावर नजर ठेवली. २००१ मध्ये मिशिगनमधल्या साउथफील्डला प्राध्यापक नबील ग्रेस यांच्या पुढाकारानं ब्रिज स्ट्रीट पूल झाला. तिथे शत्रू समुद्र नव्हे, हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ. अमेरिकेच्या आश्टो संघटनेची अशा तुळयांसाठीची मार्गदर्शक संहिता २०१८ साली आली, शिनमियानंतर तीस वर्षांनी.

कार्बन आजही पोलादापेक्षा महाग आहे. पण कोकण आणि गोव्याच्या खाड्यांवर पूल बांधणाऱ्या खात्यांनी निविदेत बांधकामाच्या खर्चासोबत पन्नास वर्षांच्या डागडुजीचाही हिशेब मागावा, आणि एक लहानसा पूल तरी कार्बनच्या केबलवर बांधून पाहावा.