सांधेजोड (लेखांक ९) : फोनवरचा लाल दिवा विझत का नाही?

ऑफिसमधला पीबीएक्स, म्हणजे अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंज, इंटरनेटवर कसा आला, ते मागच्या लेखांकात पाहिलं. तो आल्यावर पुढची मागणी ठरलेलीच होती: व्हॉइसमेल ईमेलमध्ये दिसू दे. आपल्याकडे या मागणीने कुणाची झोप उडाली नाही, कारण आपण निरोप ठेवण्यापेक्षा मिस्ड कॉल देणारी माणसं. अमेरिकेत मात्र टेबलावरचा फोन म्हटला की व्हॉइसमेल आलाच. तिथल्या कंपन्यांचे मेल सर्व्हर पुण्यात रात्रपाळीला बसून सांभाळणाऱ्यांना ही तक्रार पाठ असते: मेसेज ऐकून झाला, डिलीटही केला, तरी फोनवरचा लाल दिवा जळतोच आहे.

दिवा आपलं काम चोख करत असतो. सगळ्यात सोपी जोडणी एकतर्फी असते. फोनची यंत्रणा आवाज रेकॉर्ड करते, त्याची फाइल मेलला जोडते आणि एसएमटीपीने, म्हणजे मेल पाठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीने, धाडून देते. मूळ रेकॉर्डिंग तिच्याकडेच राहतं. म्हणजे एकाच खात्याची दोन पासबुकं झाली. आउटलुकमध्ये तुम्ही मेल वाचला किंवा उडवला, तरी ती नोंद फोनच्या पासबुकात चढवणारं कुणी नाही, आणि दिवा तेवढंच पासबुक बघतो. तेही वरवर. सिप फोनसाठी, म्हणजे इंटरनेटवर चालणाऱ्या फोनसाठी, ‘दिवा लाव’ या निरोपाचा साचा २००४ मध्ये आरएफसी ३८४२ने ठरवून दिला. त्यात ‘मेसेजेस-वेटिंग: येस’ आणि खाली ‘व्हॉइस-मेसेज: २/८’ अशा ओळी येतात. दोन नवे, आठ जुने. कोणते आणि कुणाचे, ते या ओळींतून कळत नाही. आकडा चुकला की दिवा चुकला.

यावरचा उघड उपाय म्हणजे दुसरं पासबुकच ठेवायचं नाही. अ‍ॅस्टेरिस्क या मुक्त पीबीएक्समध्ये तशी सोय आहे: रेकॉर्डिंग थेट आयमॅपने, म्हणजे मेल सर्व्हरवरच हाताळण्याच्या पद्धतीने, मेलबॉक्समध्ये ठेवायचं आणि फोनवरून ऐकतानाही तिथूनच उचलायचं. पण आउटलुकमधून कुणी मेसेज उडवला, तर अ‍ॅस्टेरिस्कला ते आपोआप समजेलच असं नाही. म्हणून ‘पोलमेलबॉक्सेस’ हा पर्याय चालू करावा लागतो, मग ते ठरावीक वेळाने, एरवी दर ३० सेकंदांनी, मेलबॉक्स तपासत बसतं. पन्नास माणसांच्या ऑफिसात हे खपून जातं. हजारो मेलबॉक्स असले की मेल सर्व्हरवर नुसत्या ‘काही नवीन?’ या विचारणेचाच भार पडतो. त्यात प्रत्येकाच्या मेलबॉक्समध्ये शिरायला परवानगी हवी. म्हणजे एक तर सगळ्यांचे पासवर्ड एका फाइलमध्ये, नाही तर सगळी दारं उघडणारं एकच खातं. सुरक्षेच्या दृष्टीने दोन्ही वाईट, दुसरं जरा कमी.

या मार्गाला खरा फटका मायक्रोसॉफ्टकडून बसला. ऑक्टोबर २०२२ पासून एक्स्चेंज ऑनलाइन या त्यांच्या मेल सेवेने आयमॅपसाठी साधं नाव-पासवर्डचं लॉगिन बंद करायला घेतलं. त्याजागी ओऑथ, म्हणजे पासवर्डऐवजी टोकनवर चालणारं लॉगिन, आलं. अ‍ॅस्टेरिस्कची आयमॅपची बाजू वॉशिंग्टन विद्यापीठाच्या ज्या सी-क्लायंट लायब्ररीवर उभी आहे, ती आयमॅपचा जनक मार्क क्रिस्पिन याने लिहिलेली. पण मूळ रूपात ती ओऑथच्या आधीच्या जमान्यातली. एसएमटीपीच्या लॉगिनला त्या वेळी सूट होती. परिणाम असा, की अर्धवट, एकतर्फी रस्ता चालू राहिला आणि दुतर्फा रस्त्याला फाटक लागलं.

मग मायक्रोसॉफ्टने स्वतःच हे काम का केलं नाही? केलं होतं. एक्स्चेंज २००७ मध्ये ‘युनिफाइड मेसेजिंग’ आलं. त्यात कॉल थेट मेल सर्व्हरकडेच यायचा आणि व्हॉइसमेल सुरुवातीपासून मेलच असायचा. कागदावर प्रश्न मिटला. पण त्या पहिल्या आवृत्तीत फोनचा दिवा लावण्याचीच सोय नव्हती! ती एक्स्चेंज २०१० मध्ये आली. त्याच आवृत्तीत बोलण्याचा मजकूर मेलमध्ये उतरवण्याची सोयही आली, मोजक्या भाषांपुरती. मराठी त्यात नव्हती. पुढे २०१८ च्या एक्स्चेंज २०१९ मधून हा सगळा विभाग काढून टाकण्यात आला आणि ऑनलाइन सेवाही फेब्रुवारी २०२० पर्यंत गुंडाळली गेली. इतरांचे पीबीएक्स वापरणाऱ्यांची तर त्याआधीच, एप्रिल २०१९ अखेर, बोळवण करून टाकली होती. ज्यांनी त्याच्या भरवशावर जुना व्हॉइसमेल सर्व्हर भंगारात काढला, त्यांना पुन्हा बाजारात जावं लागलं. माझ्या मते या जोडणीची सगळ्यात मोठी मर्यादा हीच: सांध्याची एक बाजू दुसऱ्याच्या मालकीची असते, आणि तो ती कधीही बदलतो.

जागेचा प्रश्न एके काळी गाजला, आता फारसा नाही. जी.७११ या कोडेकमध्ये एका मिनिटाचा आवाज सुमारे ४८० किलोबाइट होतो आणि मेलमध्ये जाताना बेस६४ मुळे एकतृतीयांशाने फुगतो. एक्स्चेंज २००३ च्या स्टँडर्ड आवृत्तीत सगळ्या ऑफिसच्या मेलला मिळून मुळात १६ गिगाबाइटची मर्यादा होती, तेव्हा हे बोचायचं.

वकिलांचा प्रश्न मात्र संपलेला नाही. अमेरिकेच्या संघीय न्यायालयांचे दिवाणी नियम डिसेंबर २००६ मध्ये बदलले. इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवलेली माहिती, ध्वनिमुद्रणांसकट, समोरच्या पक्षाला मागता येते, हे त्यात स्पष्ट झालं. फोनवरचा निरोप पूर्वी ऐकून पुसला जायचा. मेलमध्ये गेल्यावर तो बॅकअपमध्ये, अर्काइव्हमध्ये, फॉरवर्ड होऊन चार जणांकडे, असा वर्षानुवर्षं पडून राहतो. म्हणून सिस्कोच्या युनिटी कनेक्शन या व्हॉइसमेल सर्व्हरमध्ये ‘सुरक्षित’ खूण केलेल्या मेसेजचा आवाज एक्स्चेंजमध्ये जातच नाही. इनबॉक्समध्ये नावापुरता एक मेल येतो, रेकॉर्डिंग सिस्कोच्या सर्व्हरवर राहतं. जोडणी करायची, आणि महत्त्वाचं तेच जोडायचं नाही!

लहान ऑफिसला यातून मार्ग काढायचा असेल, तर अ‍ॅस्टेरिस्कच्या व्हॉइसमेल सेटिंगमध्ये ‘डिलीट=येस’ आहे. मेल पाठवला की फोनकडची प्रत पुसली जाते, पासबुक एकच उरतं आणि दिव्याची कटकट मिटते. फक्त तो मेल स्पॅममध्ये अडकला, तर निरोपाची दुसरी प्रत कुठेच उरत नाही. त्यामुळे पीबीएक्सचा पाठवणारा पत्ता मेल सर्व्हरच्या विश्वासू यादीत घाला, मगच ही ओळ लिहा.

(पुढील लेखांकात : फॅक्स मशीन आणि इंटरनेट फोन)